क्रिबेज आणि एकशे विसावं घर

मंडळी, पत्त्यांचा विषय काढला की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. एक म्हणजे "अरे वा, शनिवारी बसूया की!" आणि दुसरी म्हणजे "पत्ते काय, सगळा नशिबाचा खेळ." पहिल्या प्रतिक्रियेबद्दल माझी काहीच तक्रार नाही. दुसरीबद्दल मात्र बरीच आहे. या वीकेंडला त्याच तक्रारीवर लिहायचं ठरवलं, आणि साक्षीदार म्हणून निवडला क्रिबेज.

क्रिबेज हा इंग्रजांचा खेळ. आपल्याकडे रमी आली, ब्रिज आला, पण हा काही फारसा रुजला नाही. परदेशी प्रोजेक्टवर गेलेल्यांपैकी काहींनी तो लंच टाइममध्ये पाहिला असेल. दोन माणसं, एक पत्त्यांचा जोड आणि मध्ये भोकं पाडलेली एक लाकडी फळी. त्या भोकांतून खुंट्या पुढे सरकत असतात आणि दोघं "पंधरा दोन, पंधरा चार" असं काहीतरी पुटपुटत असतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं की हे पत्ते खेळतायत की कसली पूजा चालली आहे! :)

या खेळाचा इतिहास वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की ही खरं तर एका प्रश्नाची साडेतीनशे-चारशे वर्षांची गोष्ट आहे. प्रश्न असा: डाव संपत आला की हातातल्या पानांची किंमत बदलते का? आणि बदलत असेल, तर किती?

सुरुवात करू सर जॉन सकलिंगपासून. जन्म १६०९. बाप राजदरबारातला बडा अधिकारी. तो वारला तेव्हा पोरगं जेमतेम अठरा वर्षांचं, आणि हातात भरपूर पैसा. पुढे काय झालं असेल ते सांगायला नकोच. सकलिंग उत्तम कवी होता, हजरजबाबी होता, १६३० मध्ये त्याला 'सर' ही पदवी मिळाली, आणि या सगळ्याच्या वर तो अट्टल जुगारी होता. जॉन ऑब्रे नावाच्या गृहस्थांनी सतराव्या शतकात त्या काळच्या माणसांची छोटी छोटी चरित्रं लिहून ठेवली आहेत, त्यात सकलिंगही आहे. क्रिबेज सकलिंगने शोधून काढला असं ऑब्रे सांगतो. शिवाय एक किस्साही सांगतो. पिकॅडिलीच्या मैदानावर सकलिंग खेळत असताना त्याच्या बहिणी रडत रडत तिथे आल्या, कारण आपल्या वाट्याचा पैसाही हा हरून बसणार अशी त्यांना धास्ती होती.

आणखी एक आरोप ऑब्रेने केला आहे, तो जास्त गमतीचा. सकलिंगने म्हणे खुणा केलेले पत्त्यांचे जोड देशभरातल्या जुगाराच्या ठिकाणी पाठवून दिले आणि त्यावर वीस हजार पौंड कमावले. ऑब्रे गप्पिष्ट माणूस होता, त्याचं सगळंच खरं मानायचं कारण नाही. पण आपला मुद्दा वेगळा आहे. ज्याच्या नावावर हा खेळ आहे, त्याचा नशिबावर विश्वास नव्हता एवढं तरी यातून कळतं.

'शोधून काढला' म्हणजे अगदी शून्यातून नव्हे. नॉडी नावाचा एक जुना इंग्रजी खेळ होता. पंधराची बेरीज, जोड्या, ओळीने येणारी पानं हे सगळं त्यात होतंच. नवीन आलं ते 'क्रिब'. म्हणजे प्रत्येकाने आपल्या हातातली काही पानं बाजूला टाकायची आणि त्या पानांचा एक तिसराच हात तयार करायचा. आपल्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर जुनाच कोड घेतला, एकच फीचर टाकलं आणि प्रॉडक्ट चारशे वर्षं टिकलं.

सकलिंग मात्र टिकला नाही. १६३९ मध्ये राजाच्या स्कॉटलंडवरच्या मोहिमेसाठी त्याने स्वतःच्या खर्चाने शंभर घोडेस्वार उभे केले, त्यांना पांढरे डगले आणि लालभडक विजारी शिवल्या. मोहीम फसली, कपड्यांची तेवढी चर्चा झाली. १६४१ मध्ये राजाचा मंत्री स्ट्रॅफर्ड याला टॉवर ऑफ लंडनमधून सोडवण्याच्या कटात त्याचं नाव आलं. तो फ्रान्सला पळाला आणि थोड्याच काळात पॅरिसमध्ये मेला. ऑब्रेच्या म्हणण्याप्रमाणे विष घेऊन. वय बत्तीसच्या आसपास. पत्त्यांत समोरच्याच्या हातात काय आहे हे ओळखणाऱ्या माणसाला राजकारणातला डाव संपत आलेला कळला नाही, असं म्हणायचा मोह होतो. पण तेव्हा भल्याभल्यांना तो कळला नव्हता. खुद्द राजालाही नाही.

आता थोडे नियम सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. कंटाळू नका, पाच मिनिटांचं काम आहे.

दोघांना सहा-सहा पानं वाटायची. प्रत्येकाने त्यातली दोन क्रिबमध्ये टाकायची, चार ठेवायची. क्रिबची चार पानं वाटणाऱ्याची. हे महत्त्वाचं: क्रिब नेहमी वाटणाऱ्याची. मग उरलेला जोड कापून एक पान वर उघडायचं, ते सगळ्यांचं सामाईक. तो गुलाम निघाला तर वाटणाऱ्याला फुकटचे दोन गुण. मग खेळ सुरू. उतारी समोरच्याची. आळीपाळीने एकेक पान टाकत बेरीज सांगत जायचं. चित्राचं पान म्हणजे दहा, एक्का म्हणजे एक. बेरीज पंधरा केली तर दोन गुण, एकतीस केली तर दोन गुण, आधीच्या पानाशी जोडी जुळवली तर दोन, तिसरं तसंच पान टाकलं तर सहा, चौथं टाकलं तर बारा, तीन किंवा जास्त पानांची ओळ झाली तर पानागणिक एक. एकतीसच्या पुढे जाता येत नाही. कोणालाच पान टाकता आलं नाही तर शेवटचं पान टाकणाऱ्याला एक गुण, आणि पुन्हा शून्यापासून. याला 'पेगिंग' म्हणतात, कारण गुण मिळाला की लगेच फळीवरची खुंटी पुढे जाते.

सगळी पानं टाकून झाली की हात मोजायचे. आधी समोरचा आपला हात मोजतो, मग वाटणारा आपला हात मोजतो, मग वाटणारा क्रिब मोजतो. पुढच्या वेळी वाटप दुसऱ्याकडे. जो आधी १२१ ला पोचला तो जिंकला, तिथल्या तिथे, मध्येच. दुसऱ्याचा हात मोजायचा राहिला असला तरी राहिला! फळीवरच्या भोकांना मी यापुढे 'घर' म्हणणार आहे, सापशिडीत म्हणतो तसं.

हा 'मोजण्याचा क्रम' नीट लक्षात ठेवा. सगळी गंमत त्यात आहे.

जुना खेळ मात्र असा नव्हता. १६७४ साली चार्ल्स कॉटनचं 'द कम्प्लीट गेमस्टर' आलं, त्यात क्रिबेज आहे. पुढची दीडेकशे वर्षं प्रतिष्ठा होती ती पाच पानी क्रिबेजला. पाच पानं वाटायची, दोन क्रिबमध्ये, तीन हातात, आणि शेवट ६१ ला. यात क्रिब हाताहून मोठी व्हायची, म्हणजे कोणती दोन पानं टाकायची हाच अर्धा खेळ. पेगिंग एकदाच एकतीसपर्यंत चालायचं आणि तिथे थांबायचं, उरलेली पानं तशीच हातात. आणि वाटणाऱ्याला एवढा फायदा व्हायचा की भरपाई म्हणून समोरच्याला सुरुवातीलाच तीन गुण देऊन टाकत.

१७९१ मध्ये अँथनी पास्क्विन या टोपणनावाने जॉन विल्यम्स नावाच्या लेखकाने क्रिबेजवर अख्खं पुस्तक लिहिलं. हा माणूस एरवी नट, चित्रकार, राजकारणी अशा सगळ्यांची टिंगल करण्यात पटाईत. नंतर तो अमेरिकेत गेला आणि १८१८ मध्ये तिथेच वारला. क्रिबेज मात्र त्याने गंभीरपणे घेतला.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी पत्त्यांच्या पुस्तकांत एक कल्पना येते, ती मला फार आवडली. खेळाडू 'घरी' आहे का, असं ते विचारतात. म्हणजे इतक्या डावांनंतर सरासरीने त्याची खुंटी जिथे असायला हवी तिथे ती पोचली आहे का? घरी असलात तर हात राखून खेळा, समोरच्याला काही मिळू देऊ नका. मागे असलात तर चढून खेळा, धोका पत्करा. सांख्यिकी हा विषय तेव्हा नुकता बाळसं धरत होता, आणि इकडे पबमध्ये बसून बिअर पिता पिता लोक सरासरीवर धोरण ठरवत होते!

पबवरून आठवलं. इंग्लंडमध्ये पबमध्ये पैसे लावून खेळण्यावर कायम कडक नियम. १९६८ च्या ब्रिटिश गेमिंग कायद्यात मात्र पबमध्ये खेळायला नावानिशी मुभा असलेले दोन खेळ होते, डॉमिनोज आणि क्रिबेज. खुणा केलेल्या पत्त्यांवर वीस हजार पौंड कमावल्याचा आरोप असलेल्या माणसाचा खेळ शेवटी इतका सभ्य ठरला.

त्या सभ्यतेत डिकन्सचाही वाटा असावा असं मला वाटतं. 'द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप' ही त्याची कादंबरी १८४०-४१ मध्ये क्रमशः आली. त्यात डिक स्विव्हेलर नावाचा एक उडाणटप्पू पण मनाने चांगला कारकून आहे. त्याच्या मालकाच्या घरात तळघरातल्या स्वयंपाकघरात एक लहानशी मोलकरीण कोंडलेली असते. अर्धपोटी, नाव नाही, गाव नाही. डिक तिला खायला घालतो, 'मार्शनेस' म्हणजे सरदारीणबाई असं नाव देतो आणि क्रिबेज शिकवतो. पुढे डिक तापाने आजारी पडतो, तीन आठवडे शुद्ध नसते. शुद्धीवर येतो तेव्हा ही पोरगी त्याच्या खोलीत टेबलाशी बसून एकटीच दोघांच्या वाटची पानं वाटून क्रिबेज खेळत असते. ती पान उघडते, गुलाम निघतो, आणि ती दोन गुण घ्यायला विसरते. त्याबरोबर अंथरुणातला हा अशक्त माणूस ओरडतो, की गुलामाचे दोन! माणूस जिवंत झाल्याची खूण म्हणून डिकन्सला हे दोन गुण सापडले. क्रिबेज खेळणाऱ्या कोणालाही ते शंभर टक्के पटेल, कारण समोरच्याचे राहिलेले गुण दिसणं आणि गप्प बसणं हे या खेळात जमतच नाही. राहिलेले गुण समोरच्याने घ्यायचे असा एक कडक नियमसुद्धा बरेच लोक पाळतात.

शेवटी डिक तिच्याशी लग्न करतो आणि दोघं आयुष्यभर क्रिबेज खेळतात.

आता समुद्रावर जाऊ. जहाजावर जागा कमी, वेळ भरपूर, माणसं तीच तीच. दोघांत खेळता येणारा, फळीवर गुण ठेवणारा खेळ खलाशांना आवडला नसता तरच नवल. अलास्कात नोमच्या आसपास १९०० च्या सुमारास सोन्यासाठी धावत आलेली माणसं क्रिबेज खेळायची, आणि तिथल्या इनुपियाक कारागिरांनी त्यांच्यासाठी वॉलरसच्या सुळ्यांवर क्रिबेजच्या फळ्या कोरल्या. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध अंगोक्वाझुक, 'हॅपी जॅक' म्हणून ओळखला जाणारा. १९१८ च्या फ्लूच्या साथीत तो गेला. त्याचं काम आज संग्रहालयांत आहे.

पण सर्वांत प्रसिद्ध गोष्ट पाणबुडीतली आहे. मार्च १९४३. अमेरिकेची 'वाहू' ही पाणबुडी पीत समुद्राकडे निघाली होती. कप्तान डडली मॉर्टन आणि त्याचा दुय्यम अधिकारी रिचर्ड ओ'केन क्रिबेज खेळत होते. मॉर्टनने पानं वाटली आणि ओ'केनला आला २९ चा हात.

२९ म्हणजे क्रिबेजमधला सर्वांत मोठा हात. हातात तीन पंजा आणि एक गुलाम, आणि कापून वर आलेली चौथी पंजी नेमकी त्या गुलामाच्याच रंगाची. पंधराच्या आठ बेरजा, म्हणजे सोळा गुण. पंज्यांच्या सहा जोड्या, म्हणजे बारा. आणि गुलामाचा एक. याची शक्यता किती? आपल्यासारख्यांना हिशोब केल्याशिवाय चैन कसं पडणार! बावन्नातून सहा पानं २,०३,५८,५२० प्रकारे येतात. हवी ती चार पानं धरून आणखी कुठलीही दोन, असे हात ४,३२४. त्यानंतर उरलेल्या ४६ पानांतून एकच विशिष्ट पान वर यायला हवं. गुणाकार-भागाकार केला की उत्तर येतं, २,१६,५८० त एकदा. रोज दहा डाव टाकलेत तर तुमच्या वाट्याला हा हात सरासरीने साठ वर्षांत एकदा येणार.

वाहूच्या लोकांनी हा शुभशकुन मानला, आणि ती गस्त खरोखरच कमालीची यशस्वी झाली. पुढचं मात्र शकुनाच्या हिशोबात बसत नाही. त्याच वर्षी ओ'केन वाहू सोडून 'टँग' या नव्या पाणबुडीचा कप्तान झाला. ऑक्टोबर १९४३ मध्ये वाहू मॉर्टनसकट सगळ्यांना घेऊन बुडाली. पुढच्या वर्षी, २५ ऑक्टोबर १९४४ ला, टँगने आपला शेवटचा टॉर्पेडो सोडला, तो बिघडून गोल फिरला आणि टँगवरच आदळला. ८७ जणांपैकी ७८ गेले. नऊ वाचले, त्यांत ओ'केन. युद्ध संपेपर्यंत तो जपान्यांच्या कैदेत होता. नंतर त्याला अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. १९९४ मध्ये तो वारला. त्याच्या नावाची क्रिबेजची फळी पॅसिफिक ताफ्यातल्या सर्वांत जुन्या पाणबुडीवर ठेवायची आणि ती निवृत्त झाली की पुढच्या जुन्या पाणबुडीच्या हवाली करायची, अशी परंपरा पडली. २०१८ मध्ये 'ब्रेमरटन'ने ती 'ऑलिंपिया'कडे सोपवली होती.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक लोक २९ च्या हातावर थांबतात. मला वाटतं क्रिबेज त्याच्या अगदी उलट शिकवतो. २९ चा हात बघायला छान, पण तो कधी आला हे जास्त महत्त्वाचं. तुम्ही वाटणारे आहात, तुम्हाला पाच गुण हवेत, हातात २९ आहेत, आणि समोरच्याला मोजून सहा हवे आहेत. त्याचा हात आधी मोजला जातो. त्याच्याकडे सहा असले तर तुमचे २९ तुमच्या हातातच राहतात.

हे नेमकं आकड्यांत मांडलं अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या डीलिन कोलव्हर्टने. १९८० च्या सुमारास त्याचं 'प्ले विनिंग क्रिबेज' आलं, त्याच सुमारास अमेरिकन क्रिबेज काँग्रेस ही संघटना उभी राहिली आणि स्पर्धा सुरू झाल्या. कोलव्हर्टच्या सिद्धांताला 'सव्वीसचा सिद्धांत' म्हणतात. तो असा: सहा पानी खेळात एका वाटपात वाटणारा हात, क्रिब आणि पेगिंग मिळून सरासरी सोळा गुण करतो. समोरचा सरासरी दहा. म्हणजे एकदा वाटून आणि एकदा समोर बसून प्रत्येकाचे सव्वीस होतात.

आता उलटा हिशोब करा, रिलीज डेटवरून प्लॅन मागे मागे लावतो तसा. मी वाटायला बसलोय आणि माझी खुंटी ९६ वर आहे. या डावात सोळा, झाले ११२. पुढच्या डावात मी समोरचा, म्हणजे आधी मोजणार, दहा मिळाले की १२२. जिंकलो. म्हणजे वाटताना ९६ ला असणं म्हणजे वेळेवर असणं. त्याच्या सव्वीस मागे ७०, त्याच्या मागे ४४, त्याच्या मागे १८. वाटायला बसताना तुम्ही या घरांवर किंवा पुढे असलात तर हात राखून खेळा. मागे असलात तर चढून खेळा.

म्हणजे बघा, ही ती जुनीच 'घरी' असण्याची कल्पना! खेळ ६१ चा १२१ झाला, पाच पानांची सहा झाली, नवे आकडे आले, पण विचार पबमधल्या त्या जुन्या लोकांचाच. पहिलं वाटप मिळणाऱ्याचं पारडं जड का, हेही यातून लगेच दिसतं. पहिला वाटणारा दोन डावांनंतर पुन्हा वाटायला बसतो तेव्हा तो सरासरीने २६ वर असतो, हव्या त्या १८ पेक्षा आठ पुढे. दुसरा पहिल्यांदा वाटायला बसतो तेव्हा जेमतेम दहावर, आठ मागे.

पण सरासरी कामाला येते ती लांबच्या प्रवासात. शेवटच्या डावात सरासरी बाजूला ठेवायची आणि नेमकं मोजायचं. दोन उदाहरणं देतो.

पहिलं. तुम्ही वाटणारे, ११७ वर. चार हवेत. समोरचा ११४ वर, त्याला सात हवेत. हातात आलं: दुर्री, तिर्री, पंजी, पंजी, गुलाम, राजा. एरवी कोणीही पंजी-पंजी-गुलाम-राजा ठेवील, दहा गुणांचा हात, आणि दुर्री-तिर्री आपल्याच क्रिबमध्ये. पण आता? समोरच्याचा हात आधी मोजला जाणार, आणि सात गुण काही फार नाहीत, हाताची सरासरीच आठाच्या आसपास असते. म्हणजे मोजणी सुरू व्हायच्या आत, पेगिंगमध्येच चार गुण मिळवायचा प्रयत्न हवा. मी दुर्री-तिर्री-पंजी-गुलाम ठेवीन. चार वेगळी पानं. दहाच्या पानाला पंजी आहे, पंजीला गुलाम आहे, लहान पानांच्या उतारीला जोडी आहे, आणि एकतीसच्या जवळ पोचल्यावर टाकायला दुर्री-तिर्री आहेत. आणि समजा समोरचा अडकलाच, तरी या हाताचेही गुलाम-पंजी पंधरा दोन आणि गुलाम-दुर्री-तिर्री पंधरा चार, असे नेमके चार होतात. हवेत किती? चारच! दहाचा हात आणि चारचा हात या घडीला सारखेच. क्रिबमध्ये पंजी आणि राजा गेले, गेले. ती क्रिब कोणी मोजणारच नाही.

दुसरं उदाहरण मला जास्त प्रिय आहे. वाटणारा १२० वर, त्याला एकच हवा. तुम्ही समोर, ११९ वर, तुम्हाला दोन हवेत. पहिल्यांदा वाटतं, माझा हात आधी मोजणार, म्हणजे मीच जिंकणार. पण इथे एक गोम आहे. वाटणाऱ्याला पेगिंगमध्ये किमान एक गुण मिळतोच मिळतो. सिद्धता सोपी आहे. समजा त्याला एकही मिळाला नाही. म्हणजे प्रत्येक फेरीत शेवटचं पान तुमचं. पहिल्या फेरीत उतारी तुमची आणि शेवटही तुमचा, म्हणजे तुम्ही त्याच्यापेक्षा किमान एक पान जास्त टाकलंत. नंतरच्या फेऱ्यांत उतारी त्याची आणि शेवट तुमचा, म्हणजे किमान त्याच्याइतकी. एकूण तुमची पानं त्याच्यापेक्षा जास्त व्हायला हवीत. पण दोघांकडेही चारच पानं आहेत! अशक्य. म्हणून १२० वरचा वाटणारा मोजणीपर्यंत जातच नाही, तुम्ही त्याच्या आधी पेगिंगमध्ये संपवलं नाहीत तर तोच जिंकणार.

म्हणजे तुमचा हात किती गुणांचा याला शून्य किंमत. त्याने एक करायच्या आत तुम्ही दोन करायचे. हातात आहे एक्का, दुर्री, तिर्री, चव्वी आणि दोन गुलाम. एरवी समोरच्याच्या क्रिबमध्ये गुलामांची जोडी टाकायला हात धजत नाही. आता बिनधास्त टाका. आणि उतारी करा चव्वीची. चव्वीवर पंधरा होऊ शकत नाहीत, त्याला लागेल अकरा, आणि अकराचं पान नसतं. त्याने दहाचं पान टाकलं की चौदा, तुमचा एक्का, पंधरा. नव्वी टाकली तर तेरा, दुर्री, पंधरा. अठ्ठी टाकली तर बारा, तिर्री, पंधरा. पंजी टाकली तर तुमची तिर्री, तीन-चार-पाचची ओळ. एक्का, दुर्री, तिर्री यांपैकी काही टाकलं तर जोडी. तो सुटतो फक्त छक्की किंवा सत्तीवर, आणि जिंकतो चव्वी असली तरच. मोजणीत चार गुणांचा एक सामान्य हात, पण या एका घडीला त्यापुढे २९ चा हातही फिका. तीन पंजा आणि एक गुलाम घेऊन इथे काय करणार? पंजीची उतारी केलीत आणि त्याच्याकडे दहाचं एक जरी पान असलं, की खेळ खलास.

म्हणून मला 'सगळा नशिबाचा खेळ' हे वाक्य खटकतं. पानं नशिबाने येतात, कबूल. पण त्यांची किंमत पानांवर छापलेली नसते. ती फळीवरच्या दोन खुंट्यांवरून ठरते, आणि वाटप कोणाचं त्यावरून. फळीकडे न बघता हाताकडेच बघत बसणारा माणूस हरला, की दोष नशिबाला देतो. शेवटच्या आठवड्यात, रिलीज तोंडावर असताना, एरवी उत्तम असलेलं एखादं काम आपण बाजूला ठेवतो आणि एरवी क्षुल्लक वाटलं असतं असं काहीतरी आधी संपवतो, तेव्हा आपणही गुलामांची जोडी क्रिबमध्ये टाकत असतो. फक्त तिथे फळी नसते, त्यामुळे मीटिंगमध्ये समजावून सांगायला जास्त वेळ लागतो.

असो. लेख बराच लांबला. ज्यांना खेळून बघायचंय त्यांना फळीचीसुद्धा गरज नाही, कागद-पेन्सिल चालेल. पहिले आठ-दहा डाव नुसते पंधरा मोजायला शिकण्यात जातील, जाऊ द्यात. आणि समोरचा गुलामाचे दोन घ्यायला विसरला, तर ओरडून सांगा.

जाता जाता एक कोडं. वरच्या उदाहरणात बाजू बदला. वाटणारे तुम्ही, १२० वर. समोरचा ११९ वर, आणि त्याने चव्वीची उतारी केली आहे. तुमच्या हातात एक छक्की, एक सत्ती आणि दोन दहाची पानं. छक्की टाकाल की सत्ती? त्याच्याकडे एक्का-दुर्री-तिर्री आहेत हे तुम्हाला माहीत नाही. मी सत्ती टाकीन. का, ते तुम्हीच शोधा.